प्रार्थना करून सांगते

आईची उजवी तर्जनी वर गेली. पेरापाशी जराशी वाकडी, नखाच्या कडेला हळदीचा जुना पिवळेपणा. मांडीवरून उठून ती खांद्याच्या उंचीपर्यंत आली आणि स्थिर झाली. काचेच्या अलीकडे बसलेल्या अंजनानं यंत्राकडे पाहिलं. स्वराची कळ तिनं दाबलेलीच नव्हती. आईच्या कानांवर चढवलेल्या त्या जाड काळ्या हेडफोनमधून या क्षणी काहीही जात नव्हतं. तरी बोट वर होतं, उत्तर येणाऱ्या मुलीनं वर्गात करावं तसं, आणि आईच्या चेहऱ्यावर काहीतरी ऐकल्याचं समाधान होतं.

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. सांगलीच्या त्या इस्पितळात अंजना कितीतरी वर्षं लोकांचे कान तपासत होती, आणि आवाज नसताना बोट वर करणारी माणसं तिला जवळजवळ रोज भेटत. काथ्या आणि जाड कापड ठोकून मुकी केलेल्या त्या खोलीत माणसाला एकटं बसवलं, की थोड्या वेळानं त्याला स्वतःच्याच रक्ताचा आवाज येऊ लागतो. शिवाय तो ऐकायलाच आलेला असतो. म्हणून तपासणाऱ्यानं मधेमधे मुद्दाम काही न वाजवता थांबायचं, बोट उठतं का पाहायचं, आणि उठलं तर त्या माणसाच्या सगळ्याच उत्तरांकडे थोडं सावधपणे बघायचं. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणारे नाथाजी सोज्वळ अशा उत्तराला 'फुकटचं बोट' म्हणत. दुसऱ्या प्रकारच्या माणसांनाही त्यांनी नाव दिलं होतं, 'कंजूष कान'. ही माणसं स्वर ऐकू आला तरी बोट उचलत नाहीत. आला की भास झाला, याची खात्री करत बसतात, आणि तोवर स्वर संपून जातो. त्यांचा आलेख त्यांच्या खऱ्या कानांपेक्षा बहिरा निघतो. "कंजूष कानाला औषध न्हाई बघा, बाई," असं नाथाजी म्हणत आणि हातातल्या पकडीकडे बघत राहत.

आईचे दोन्ही कान उतरले होते. ऐकण्याचं यंत्र पुण्याहून मागवायचं ठरलं, आणि ते येईपर्यंत आईनं साताऱ्यालाच राहायचं म्हटलं. तिथल्या चर्चच्या आवारातली, बाबा वारल्यावर मिळालेली तिची खोली, तिच्या कोंबड्या, तिच्या शेजारणी. तिला पोचवायला अंजना दुपारच्या एस्.टी.त बसली. गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर 'कमी बोला, काम जास्त करा' असं नव्यानं रंगवलं होतं; आणीबाणीच्या त्या वर्षी सगळ्याच सरकारी भिंतींवर असलं काहीतरी रंगवलेलं होतं. आई खिडकीशी बसली. तिच्या चष्म्याच्या काचेत उसाचे फड मागे पळताना दिसत होते. अंजनाला वाटलं, आपण आज एक साधी नोंद केली आणि यंत्रावर खोळ घातली, एवढंच झालं. तरी ते वर गेलेलं बोट तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

पलीकडच्या बाकावर कराडला निघालेली एक बाई होती. मांडीवर गाठोडं, तोंडात तंबाखू. आपलं नाव बनाबाई, माहेर मसूरचं, हे तिनं सांगली सुटायच्या आत सांगून टाकलं होतं. आता ती आईकडे वाकली.

"मावशी, लेक का सून?"

आईनं नुसतं हसून मान हलवली.

"त्यांना ऐकू येत नाही. लेक आहे मी," अंजना म्हणाली.

"नोकरी करता व्हय? आनि लगीन?"

हा शब्द मात्र आईनं ओठांवरूनच उचलला. बहिऱ्या माणसांच्या रीतीनं, गाडीच्या आवाजावर चढून ती म्हणाली, "देवाला इचारलंय म्हनं तिनं!"

"मंग? काय म्हनतोय द्येव?"

"आजून काय बोलला न्हाई!"

पुढच्या बाकावरचे दोघे वळून हसले. बनाबाईनं खिडकीतून पिंक टाकली आणि मनापासून सांगितलं, "आमच्या गुरवाकडं घिऊन या की हिला. एका दुपारात डावं-उजवं सांगतोय त्यो."

अंजनाही हसली. तिचे कान गरम झाले होते. आई बोलली ते खोटं नव्हतं. त्यांच्या समाजात कुणी काही विचारलं, मग ती बदली असो, शेताचा व्यवहार असो, की मुलीसाठी आलेलं स्थळ, तर लगेच हो किंवा नाही म्हणणं उतावळेपणाचं मानत. 'प्रार्थना करून सांगतो' असं म्हणायचं. मग चार-आठ दिवस जात. माणूस गुडघे टेकून विचारी, किंवा विचारत नसे, पण त्या दिवसांत त्याचं मन एका बाजूला कलून जाई, आणि तो येऊन सांगे, की प्रभूची इच्छा अशी दिसते. लहानपणापासून अंजनानं हे ऐकलं होतं. म्हणून चार वर्षांपूर्वी यंत्रांच्या खोलीत नाथाजींनी डोळे वर न करता, हातातल्या व्हॉल्व्हवरची धूळ फुंकत, "मी कोरेगावचा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ न्हाई, तुमी मला आवडता, बघा, विचार करा," असं म्हटलं, तेव्हा तिच्या तोंडून आपोआप तेच निघालं. प्रार्थना करून सांगते. नाथाजी चर्चच्याच घरातले. त्यांनी मान डोलावली आणि ते वाट बघू लागले. चार-आठ दिवस गेले, पावसाळा गेला, पुढचा नाताळ गेला. कधीतरी जिन्यात भेटले की म्हणत, "सांगली-स्वर्ग टपाल लय हळू हाय बाई." ती हसायची. वाईट एवढंच होतं, की तिनं टपालात काही टाकलेलंच नव्हतं. ती दर रविवारी चर्चला जाई, गीतं म्हणे, डोळे मिटे. पण मिटलेल्या डोळ्यांमागे ती कुणाशी बोलत नसे. लहान वयात एकदा विचारलं होतं. त्यानंतर तिनं देवाला कधी काही विचारलं नव्हतं.

परवा नाथाजी तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले होते. इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात त्यांना नोकरी लागली होती. "ऱ्हायला जागा देत्यात," ते म्हणाले. "एकट्याची खोली न्हायतर कुटुंबाचं क्वार्टर. सोमवारी सांगावं लागतंय, कुठलं पायजे. कुटुंब म्हंजे तुमी आनि आई, दोघी, आसं धरून चाललोय मी." मग थोडं थांबून, "आता परत विचारनार न्हाई. रागानं न्हाई म्हनत. उत्तर नसल्याची मला सवय व्हायला लागलीया, आनि ते काय बरं न्हाई. शनवारी तुमची गाडी इस्लामपुरात थांबंल, मी स्टँडवर आसतो. काय बोलला न्हाईत तरी च्या पाजतो."

गाडी आष्ट्याच्या पुढे आली. आई ऊस बघत होती. तिला ऊस परका. ती खटावातली, तिच्या डोळ्यांना माळ, कुसळं, बाजरी आणि लांब कुठंतरी मेंढरांचा पांढरट ठिपका, एवढंच खरं वाटायचं. वडूजच्या बाजूला बाबा पाळक होते तेव्हाचे दिवस अंजनाला अजून वासानं आठवत. पत्र्याच्या छपराचं ते दगडी चर्च, दुपारी तापलेल्या पत्र्याचा वास, पेटीच्या भात्यातून येणारा जुन्या चामड्याचा वास, हंगामाच्या सणाला वेदीपुढे ठेवलेले भोपळे आणि पाय बांधलेल्या कोंबड्या, ज्या बाबांच्या प्रवचनात नेमक्या चुकीच्या जागी ओरडत. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई, आणि आपणच आणलेली कोंबडी माणसं चढ्या भावानं परत घेऊन जात. आई तेव्हा हडकुळी, चपळ, सतत काहीतरी गुणगुणणारी होती. लग्नानंतर तिला मुलगी झाली, अंजना. मग बरीच वर्षं काही नाही. तिनं हन्नेसारखी प्रार्थना केली, असं चर्चमधल्या बाया म्हणत. शास्त्रातली ती हन्ना, मंदिरात नुसते ओठ हलवत मुलगा मागणारी. आणि मग मुलगा झाला, तर त्याचं नाव दुसरं काय ठेवणार? शमुवेल. घरात शमू. मागितलेला आणि मिळालेला. त्याला न्हाऊ घालताना आई ती गोष्ट सांगे: अंधारातून देवानं हाक मारली, ती म्हाताऱ्या याजकाला ऐकू आली नाही, पोराला ऐकू आली. शमू खिदळत विचारायचा, "हाक कशी मारली? मला मारून दाखव." आई मारून दाखवायची.

बिराप्पा त्या दिवसांतला. मिशनच्या रानात खतासाठी त्याची मेंढरं बसत, आणि तो सकाळी शमूसाठी शेळीचं दूध घेऊन येई. बाबांशी त्याची जुनी थट्टा चाले.

"पाळकसाहेब, तुमचा द्येव बोलतोय का न्हाई?"

"बोलतो की. आपल्याला ऐकू यायला पाहिजे."

"आमचं बरं हाय मग. बिरोबाला कळ्या लावायच्या. उजवी पडली, काम झालं. डावी पडली, चला घरी."

"आणि एकही नाही पडली तर?"

"मग गुरव म्हनतोय, आज देवळात वारं न्हाई," बिराप्पा म्हणे, आणि दोघंही पोट धरून हसत. अंजना ओट्यावर बसून हे ऐके. एकदा ती त्याच्याबरोबर जाऊन कौल पाहूनही आली होती. ओल्या दगडावर चिकटलेल्या दोन कळ्या आणि त्यांच्यापुढे श्वास रोखून बसलेली माणसं. तिला त्यांचा हेवा वाटला होता. बाबा सांगत, देव प्रत्येक प्रार्थनेला उत्तर देतो: हो, नाही, किंवा थांब. पण यातलं कुठलं दिलं हे कळायचं कसं, ते ते सांगत नसत. कळी दिसते तरी.

शमूला मुदतीचा ताप आला तेव्हा डॉक्टर साताऱ्याला, आणि सातारा लांब. औषध आलं, ते लागलं की नाही कळेना. चर्चमध्ये साखळी प्रार्थना सुरू झाली. एक घर उठलं की दुसरं घर गुडघे टेकी, म्हणजे मागण्यात खंड पडू नये. बाबांनी अन्न सोडलं. आई तर खाटेशेजारी गुडघ्यांवरच होती; जेवण नाही, पाठ टेकणं नाही, कुणी हात धरला तर झिडकारायची. एका संध्याकाळी साखळीतली माणसं बाहेर पाणी प्यायला गेली असताना अंजना रिकाम्या चर्चमध्ये शिरली. तिच्या मुठीत शेवंतीच्या दोन पाकळ्या होत्या. बाबा जिथं उभे राहून प्रवचन करत त्या लाकडी व्यासपीठाच्या दर्शनी फळीवर क्रूस कोरला होता. त्याच्या दोन बाजूंना तिनं त्या थुंकीनं ओल्या करून चिकटवल्या. गुडघे टेकले नाहीत, कारण हे गुडघे टेकण्यातलं नाही, हे तिला समजत होतं. ती नुसती बघत राहिली. उजवी पडली. अगदी सरळ, तिच्या पायाशी.

ती धावत घरी गेली. "आई, शमू बरा होणार!"

आईनं मान वर केली. "कोन म्हनालं?"

"देव."

दुसऱ्या कुठल्या घरात पोरीच्या पाठीत धपाटा बसला असता. पण ते शमुवेलाचं घर होतं. देव थोरांना सोडून पोराशी बोलतो, हे त्या घरात रोज न्हाणीपाशी सांगितलं जात होतं. आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग भिंतीला धरून उठली, चूळ भरली, भाकरी खाल्ली, अंजनाला शेजारी पाठवलं, दार लोटून घेतलं आणि झोपली. पहाटे शमू गेला. आई तेव्हा झोपेत होती, हे अंजनानं बायांच्या बोलण्यात ऐकलं. 'कधी न्हाई ती झोपली, आनि नेमकं.' पाकळ्यांबद्दल तिनं कुणालाच सांगितलं नाही. आईनं विचारलंही नाही. तेव्हा नाही, नंतर नाही. इतक्या वर्षांत त्या दोघींमध्ये त्या संध्याकाळचा एक शब्द झाला नव्हता. अंजना मोठी झाली, तसतसा तो न बोललेला शब्द तिच्या आत घट्ट होत गेला, आणि आता त्यावर बोट ठेवलं तर दुखायचंही नाही, नुसतं तिथं काहीतरी आहे एवढं कळायचं.

बाबांनी मात्र एक गोष्ट सोडली, हे तिच्या लक्षात आलं होतं. हो-नाही-थांब हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. त्याऐवजी ते शास्त्रातल्या देवाच्या गप्प बसण्याच्या जागा शोधून शोधून त्यांवर प्रवचनं करू लागले. ती परकी बाई, जी आपल्या लेकीसाठी प्रभूमागे ओरडत गेली, आणि जिला त्यानं आधी एका शब्दानंही उत्तर दिलं नाही. तो शौल राजा, ज्याला ना स्वप्नातून उत्तर आलं ना संदेष्ट्यांकडून. ते स्तोत्र, जे शेवटच्या ओळीतही अंधारातच थांबतं, उजेडाचं नाव काढत नाही. आणि ईयोब. ईयोबाला तरी उत्तर मिळालं, असं कुणी म्हटलं तर बाबा हळूच म्हणत, "मिळालं. गारांबद्दल मिळालं, रानबकऱ्यांबद्दल मिळालं, समुद्राबद्दल मिळालं. पोरांबद्दल त्यानं विचारलं होतं." मंडळी कंटाळली. "पाळकसाहेब, जरा पाऊसपाण्याचं बी सांगत जावा," असं एकानं धीर करून म्हटलं. पुढं बदली साताऱ्याला झाली, ती त्यामुळंच, असं आई म्हणायची.

साताऱ्यात त्यांचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, आवाराच्या कोपऱ्यात होतं. संध्याकाळी अजिंक्यताऱ्याची सावली आधी त्यांच्या अंगणात येई आणि मग गावात उतरे. तिथं एकदा बाबांचं जाड पवित्र शास्त्र पुसायला घेतलं असताना अंजनाला जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्यांच्या मध्ये एक कोरं पान दिसलं.

"इथं काय छापायचं राहिलं?"

"काही नाही. इथं देव चारशे वर्षं गप्प होता."

"चारशे वर्षांना एकच पान?"

बाबा हसले. शमूनंतर इतकं मोकळं ते पहिल्यांदाच हसले असावेत. "जास्त घातली असती तर लोकांनी पुस्तक मिटून ठेवलं असतं," ते म्हणाले. मग त्यांनी ते पान बोटांनी सारखं केलं. त्या पानावर त्यांनी कधी काही लिहिलं नाही. इतर घरांत त्या पानावर जन्म आणि मृत्यू लिहीत.

त्याच वर्षी शाळेत विज्ञानाच्या बाईंनी काचेच्या हंडीखाली विजेची घंटा वाजवून दाखवली, आणि मग पंपानं आतली हवा काढायला सुरुवात केली. आवाज बारीक होत गेला, किणकिण, मग मुंगीएवढा, मग नाहीच. पण टोला हलत होता. सगळ्या वर्गाला दिसत होतं, टोला घंटेवर आपटतो आहे. घंटा वाजतच होती. मध्ये हवा नव्हती. अंजना त्या दिवशी घरी जाताना जवळजवळ पळत गेली. काहीतरी सापडलं असं तिला वाटलं होतं. रात्री अंथरुणात ते तिनं पुन्हा नीट मांडून पाहिलं, तेव्हा कळलं, की टोला दिसत होता म्हणून आपण घंटा वाजते म्हणू शकलो. इथं टोलाही दिसत नाही. मग तिनं ते बाजूला ठेवलं. फार आवडलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास बसेनासा झाला होता. त्याच सावधपणानं ती सांगलीला शिकायला गेली, बी.एस्सी. झाली, इस्पितळात लागली, आणि यंत्रापुढे बसून लोकांची बोटं मोजू लागली. ती कामात चांगली होती. तिच्या आलेखात फसगत नसे. स्वतःचं बोट मात्र तिनं मांडीवरच ठेवलं होतं. नाथाजी जिन्यात भेटले की छातीत काहीतरी स्पष्ट वाजे. ती ते ऐके, आणि थांबे. खात्री झाली म्हणजे सांगू. देव गप्प होता, आणि त्याच्या गप्प बसण्याच्या सावलीत बसून राहणं सोयीचं होतं.

"आई." तिनं आईच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. तो कान जरा बरा होता. "खोलीत मी आवाज दिला नव्हता, तेव्हा तू बोट वर का केलंस?"

"कवा?"

"मधेच एकदा. काहीच वाजत नव्हतं."

आईनं आठवून पाहिलं. "मला काय ठावं, वाजतंय का न्हाई," ती म्हणाली, आणि तिच्या मते हळू बोलली तरी अर्ध्या गाडीला ऐकू गेलं. "तू काचंमागनं बगत हुतीस. तुजं तोंड बगून वाटलं, ही पोरगी कवाधरनं वाट बगतीया. म्हनलं, एकदा तरी बोट करावं."

आई तिच्याकडे बघत होती, ऊस सोडून. "वडूजला बी आसंच तोंड हुतं तुजं. शमूच्या वक्ताला. दारात हुबी ऱ्हायचीस, कुनी काय सांगंल म्हनून."

इतक्या वर्षांत ते नाव असं भर दुपारी, माणसांत, मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. अंजना आईच्या कानाशी वाकली आणि तिला स्वतःलाच परका वाटावा अशा आवाजात म्हणाली, "मी तेव्हा तुला खोटं सांगितलं, आई. देव काही बोलला नव्हता. मी फुलाच्या पाकळ्या लावल्या होत्या. बिराप्पा लावायचा तशा."

आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग ती म्हणाली, "व्हय, घावली हुती मला. व्यासपीठापाशी झाडताना. एक खाली आनि एक फळीला वाळून चिकटलेली."

"मग तू मला काहीच..."

"काय बोलायचं? ल्हान हुतीस." आईनं पदरानं चष्मा पुसला. "आगं, तू येऊन सांगंपतोर मी त्याला हातच लावला नव्हता. नुसती गुडघ्यावर बसून मागत हुते. पोरगं आई आई करायचं, आनि मी डोळं झाकून देवाला बोलायची, उठले तर मागनं तुटंल म्हनून. तू म्हनलीस बरा हुनार, तवा म्हनलं, मग आता कशाला मागायचं. उठले, जेवले, आनि त्याला कुशीत घिऊन पडले. रातभर हुता माज्या अंगाला. गेला तो बी तितंच." ती थांबली. "तू सांगितलं नसतंस तर एकलाच गेला असता खाटंवर. मी हितं, आनि तो तितं."

बनाबाईनं तंबाखूची चंची उघडली होती ती तशीच धरून ठेवली. आई पुन्हा खिडकीकडे वळली. तिच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं. ते कधीचंच संपलं होतं, आणि ते अंजनाला ठाऊक नाही हे तिच्या ध्यानातही आलं नसावं. अंजना समोरच्या बाकाची दांडी धरून बसून राहिली. पाकळी चुकीची होती. शमू मेला होता. या दोन गोष्टींत काही फरक पडला नव्हता, पडणारही नव्हता, आणि त्या चार वेळा तपासून पाहिल्या तरी तेच उत्तर येत होतं. फक्त त्या बंद दारामागची ती रात्र, जी तिनं आजवर आईच्या झोपेची म्हणून पाहिली होती, तिच्यात आता एक हात होता, आणि हाताखाली तापलेलं लहान अंग होतं. चुकीच्या उत्तरावर उठलेली आई बरोबर जागी जाऊन निजली होती. याचं काय करायचं, हे शाळेत शिकवलेलं नव्हतं. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसता श्वास खोल जाऊ लागला, खूप दिवस घट्ट बांधलेलं लुगडं सैल करावं तसा.

इस्लामपूरच्या स्टँडमध्ये गाडी शिरली तेव्हा नाथाजी खांबाला टेकून उभे होते. गाडी दिसताच टपरीकडे गेले आणि बोटांत चहाचे तीन पेले अडकवून खिडकीशी आले. "आई, गरम हाय, सांभाळून," म्हणत त्यांनी एक गजातून आत दिला. आईनं त्यांना ओळखलं, हसली, "तुमी हितं कसं?" म्हणाली, आणि त्यांनी सांगितलेलं उत्तर न ऐकताच मान डोलावत चहा पिऊ लागली. दुसरा पेला आईच्या मांडीवरून अंजनाकडे आला.

"कान?" नाथाजींनी विचारलं.

"दोन्ही उतरलेत. यंत्र मागवलंय."

"मशीन आलं की मी बघतो सेल-बिल. त्यात वायरीचाच तरास आसतोय." एवढं बोलून ते थांबले; पुढं बघण्याचं त्यांच्याकडे काही राहणार आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांच्याच लक्षात आलं असावं. त्यांनी स्वतःच्या पेल्यात बघितलं. परत विचारणार नाही म्हणाले होते, आणि ते विचारत नव्हते. सदऱ्याची गुंडी एक तुटलेली होती, तिथं टाचणी लावली होती. स्टँडवर उसाच्या रसाच्या चरकाची घुंगरं वाजत होती, कुणीतरी कोल्हापूर कोल्हापूर ओरडत होतं, आणि या दोघांच्या मध्ये आई फुंकर मारून चहा पीत होती. अंजना वाट बघत होती. मग तिला कळलं, की आता विचारायला कुणीच राहिलेलं नाही. तिकडूनही नाही, इकडूनही नाही. जे काही येणार ते तिच्याच तोंडातून यायचं होतं.

रिकामे पेले गजातून परत गेले. कंडक्टरनं दार आपटलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. सगळे पत्रे एकदम खडखडू लागले.

"कुटुंबाचं," अंजना म्हणाली. ती नेहमी बोलायची तेवढ्याच आवाजात.

नाथाजींचे ओठ 'काय?' असे हलले. त्यांनी कानामागे हात धरला.

"काय म्हनलीस?" आई ओरडली.

"आवं, जोरात बोला की बाई!" मागून बनाबाई म्हणाली. "हितं कुनाला ऐकू यायचं हाय!"

गाडी हलली. नाथाजी रिकामे पेले छातीशी धरून खिडकीबरोबर चालू लागले. अंजना उठून उभी राहिली, आईच्या मांडीवरून वाकली, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले, आणि आजवर कधी काढला नव्हता असला आवाज काढून, सगळ्या गाडीला आणि अर्ध्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली:

"कुटुंबाचं क्वार्टर घ्या! मी येते! प्रार्थना करून सांगत नाही, माझं मी सांगते. मी येते!"